अकरा नंबर, जैसे थे

स्त्रियांच्या वॉर्डात ओव्हर देताना ज्या पेशंटबद्दल ‘जैसे थे’ असं म्हटलं जाई, ती पेशंट पुढच्या ओव्हरपर्यंत खरोखरच जैसे थे राहत असे.

ओव्हर म्हणजे पाळी बदलताना जाणाऱ्या सिस्टरने येणाऱ्या सिस्टरला वॉर्ड तोंडी ताब्यात देणं. पूर्वी हे काम फार लांबायचं. एकेका बेडपाशी उभं राहून कुणाला काय झालंय, सलाईन कुठवर आलंय, कोण जेवलं, कोण रुसलं, कुणाचा मुलगा पुण्याहून निघालाय आणि कुणाचा नुसताच निघतो म्हणतोय, इथपर्यंत सगळं सांगितलं जाई. तोवर चहाचं पार पाणी होई आणि जाणाऱ्या सिस्टरची एसटी निघून जाई. सकाळच्या पाळीची सुवार्ता आढाव या बाबतीत वॉर्डात बदनामच होती. “सुवार्ताकडून ओव्हर घ्यायची म्हणजे घरून दोन घास जास्त खाऊन यावं लागतं,” असं प्रतिभा चौगुले म्हणायची. दुपारी दोनला वॉर्ड ताब्यात घ्यायला तीच यायची, त्यामुळे तिला तसं म्हणायचा हक्क होता.

मग मेट्रन शिंत्रे मॅडम कार्यक्षमतेच्या शिबिराला जाऊन आल्या. त्यांचे यजमान दिवाणी कोर्टात वकील होते, आणि घरात जेवताना चटणीबरोबर कोर्टाचे शब्दही वाढले जात असावेत. त्यांनी सगळ्या सिस्टरांना बोलावलं आणि सांगितलं, “ज्या पेशंटमध्ये बदल असेल तिचं तेवढं बोलायचं. बाकीच्यांना जैसे थे म्हणायचं आणि पुढे सरकायचं. एवढाल्या जमिनी या दोन शब्दांवर वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतात. तुमचे पेशंट राहणार नाहीत का?”

पेशंट राहिले. दोन नंबरच्या आजींच्या हनुवटीवर पेजेचा एक थेंब होता, तो किती वेळा पुसला तरी पुढच्या ओव्हरला हनुवटीवर असे. सात नंबरच्या बाईला अर्धी जांभई आली होती, ती तशीच राहिली. सलाईन थेंब थेंब गळे आणि बाटली भरलेली राही. दिलेली गोळी पोटात जाई, पण तिचा गुण येत नसे आणि अवगुणही येत नसे. पेशंट हलत, बोलत, खात, सगळं करत. पण ओव्हर झाली की पुन्हा पहिल्या ओव्हरच्या जागी येऊन बसत आणि मधलं काही त्यांच्या लक्षात नसे. चार नंबरच्या ओव्हरमध्ये कुणीतरी घाईत ‘सासूही जैसे थे, सूनही जैसे थे’ असं म्हणून गेलं, तेव्हापासून ती सून कपाटाला टेकून, ओठ आवळून, एकाच शब्दावर रागावलेली उभी होती.

यात कुणाची लबाडी नव्हती. बदल असेल तर तो सांगायचा, असा नियम होता. जैसे थे म्हटल्यावर बदल होत नव्हता. बदल नाही म्हणून पुढच्या ओव्हरला पुन्हा जैसे थेच म्हणावं लागत होतं. ज्यांना आपला पेशंट बरा करून घरी न्यायचा होता, ते नातेवाईक मेट्रनबाईंच्या खोलीबाहेर बसत. मॅडम त्यांना विचारत, “बदल काय झालाय?” ते म्हणत, “बदल व्हावा म्हणून तर आलोय.” मॅडम म्हणत, “मग झाल्यावर या.”

वैद्यकीय अधीक्षक डॉक्टर बारटक्के खूश होते. त्यांनी बैठकीत सांगितलं की वॉर्डात एकही मृत्यू नाही. कुणीतरी मागून हळूच म्हणालं की एकही डिस्चार्ज नाही. बारटक्क्यांनी मान डोलावली आणि दोन्हीकडे सारखंच असल्याने वॉर्ड स्थिर आहे, असा शेरा मारला.

सुवार्ताला सुरुवातीला हे सगळं नकोसं वाटलं होतं. तिची जीभ बांधल्यासारखी झाली होती. बेडपाशी उभं राहून पेशंटच्या तोंडाकडे बघत ‘जैसे थे’ म्हणायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. चिवट होती ती. महिनाभर तिने मेट्रनबाईंची बोलणी खाल्ली, पण ओव्हर लांबवायची सोडली नाही. मग अकरा नंबरला तिची आई, करुणाबाई, आली आणि सुवार्ताने सवय लावून घेतली.

सुवार्ताला आईशिवाय कुणी नव्हतं. क्वार्टरच्या दोन खोल्यांत त्या दोघी आणि खिडकीतली तुळस एवढाच संसार होता. करुणाबाईंचं दुखणं हाडात उतरलं होतं आणि कंबरेत असा ठणका मारायचा, की बाई चादरीचा कोपरा दातात धरून पडायच्या. एका दुपारी, ओव्हरला थोडाच वेळ उरला असताना, डॉक्टरांनी सुवार्ताला बाजूला घेतलं.

“हे इंजेक्शन लिहून ठेवलंय. सुरू केलं की दुखणं थांबेल,” ते म्हणाले. “पण त्यांच्यात आता काही उरलेलं नाही, सिस्टर. त्या शांत होतील आणि जातील. आज नाहीतर उद्या. तुम्हाला वेगळं सांगायला नको.”

वेगळं सांगायला नको असं म्हणून लोक नेमकं तेच सांगून मोकळे होतात. सुवार्ता ‘हो’ म्हणाली. दोन वाजले, प्रतिभा आली, आणि दोघी बेडमागून बेड घेत अकरा नंबरपाशी पोचल्या. नवीन इंजेक्शन लिहिलंय, हा बदल होता. तो सांगायला हवा होता. सुवार्ताने आईकडे पाहिलं. आई चादरीचा कोपरा दातातून काढून तिच्याकडे बघत होती.

“अकरा नंबर,” सुवार्ता म्हणाली. “जैसे थे.”

प्रतिभाने मान हलवली आणि त्या बारा नंबरकडे वळल्या.

त्या दिवसापासून रोज सकाळी सुवार्ता ड्यूटीवर आली की आई तिला म्हणायची, “आलीस व्हय? ते इंजेक्शन देणार हुते न्हवं?”

“देतायत, आई. आत्ताच देतायत.”

“दे म्हणावं लवकर. कंबरंत लई ठणाकतंय.”

मग सुवार्ता तिचे पाय चेपायची, उशी सरकवायची, केस विंचरायची. दुखणं तसूभरही हटायचं नाही. पण आई होती. तिच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि औषधाचा वास होता, आणि ती चर्चमधल्या बायकांची नक्कल करायची तेव्हा ठणक्यातूनही तिला हसू यायचं. तेच हसू रोज यायचं. सुवार्ता रोज हसायची, कारण आईला ते पहिल्यांदाच सुचलेलं असायचं. संध्याकाळी क्वार्टरवर आल्यावर ती तुळशीला पाणी घालायची आणि मनाशी म्हणायची, दुखणं काय, दुखणं कुणाला चुकलंय. असं म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं, तेवढं वाटायचं नाही.

डॉक्टर राउंडला यायचे, अकरा नंबरपाशी थांबून विचारायचे. सुवार्ता सांगायची, जैसे थे. त्यांनाही पुढे जायची घाई असायची.

असं किती काळ चाललं ते वॉर्डात कुणाला सांगता आलं नसतं. वॉर्डाबाहेर मात्र काळ चालू होता आणि सुवार्ता रोज त्यातून चालत यायची. तिचा गुडघा धरायला लागला. कानावरचे केस पिकले. सुईत दोरा ओवताना हात लांब धरावा लागायला लागला, तेव्हा तिने बाजारपेठेतून चष्मा करून आणला आणि दुसऱ्या दिवशी तो लावून ती ड्यूटीवर आली.

“आलीस व्हय?” आई म्हणाली. “ते इंजेक्शन…” आणि मध्येच थांबली. ती लेकीकडे बघत राहिली. “ही चाळिशी कवा लागली तुला?”

“लागली आता. वय झालं की.”

“काल न्हवती.” आईने हात वर करून तिच्या कानावरचे केस बाजूला केले. “हे बी काल न्हवतं.”

सुवार्ताने उशी नीट करायला घेतली. उशी नीटच होती.

“सुवार्ते, मला आजचं दुखतंय असं वाटतंय बग,” आई म्हणाली. “सकाळीच डाक्टर बोलून गेल्यात, दुपारी इंजेक्शन देणार म्हणून. खरं सांग. किती दिस झालं?”

सुवार्ता स्टूलवर बसली. तिने आयुष्यात कुणाला खोटी ओव्हर दिली नव्हती, ही एक सोडून. तिने सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, दोन वाजता ती काय बोलली ते, आणि त्यानंतर रोज दोन वाजता ती काय बोलत आली ते. सांगताना तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

ठणका आला तेव्हा तिने चादर दातात धरली, गेल्यावर सोडली.

“म्हंजे रोज नव्यानं,” ती म्हणाली.

“आई, मला एकटीला…”

“ठावं हाय मला.” तिने लेकीचा हात हातात घेतला. “मी तुझ्या जागी असते तर मी बी ठिवली असती तुला. आईबाप गेल्याशिवाय माणूस शहाणं हुत न्हाई. पर आता दोनला मी हे समदं विसरणार. उद्या मी तुला पुन्यांदा इंजेक्शन मागणार, आन तू पुन्यांदा आत्ताच म्हणणार. व्हय का न्हाई?”

सुवार्ताने मान हलवली.

“मग दोनच्या आत काय ते ठरीव. आज माझं नीट सांग तिला. समदं सांग.”

दोन वाजता प्रतिभा आली तेव्हा तिच्यामागोमाग मेट्रनबाईही आल्या. ओव्हर किती आटोपशीर झाली आहे ते बघायला त्या अधूनमधून यायच्या. त्या दिवशी बघण्यासारखंच होतं. एक ते दहा नंबर जैसे थे जैसे थे करत झपाझप झाले. चार नंबरची सून ओठ आवळून उभी होती. सात नंबरची अर्धी जांभई तशीच होती.

“अकरा नंबर,” सुवार्ता म्हणाली, आणि श्वास घेतला. “करुणा आढाव. बदल आहे.”

मेट्रनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“दुखण्याचं इंजेक्शन लिहिलेलं आहे. त्यावेळी दिलेलं नाही. न देण्याचं कारण मी.” ती पुढे सांगत गेली. “ठणका कंबरेत डावीकडून सुरू होतो आणि पायात उतरतो. उजव्या कुशीवर निजवलं तर जरा बरं वाटतं. पाणी चमच्याने द्यायचं, ओठ कोरडे पडतात. चहा मागितला तर गूळ घालून, साखरेचा तिला चालत नाही. रात्री पडल्या पडल्या स्तोत्र म्हणते, त्याला बडबड समजू नये. गावाकडे उसाच्या रानात खुरपायला जायची, तिथून मला शिकवलं. मी नर्स झाले त्या दिवशी हिने माझ्या टोपीला खळ घातली होती, ती एवढी कडक झाली की…”

“सिस्टर,” मेट्रनबाई म्हणाल्या, “बदल तेवढा सांगा.”

“तोच सांगतेय, मॅडम. इतके दिवस सांगितलं नाही म्हणून साठलाय.”

प्रतिभा ऐकत होती. चहा गार होत होता. आसपासच्या बेडच्या नातेवाइकांनी माना वळवल्या. आई उशीला टेकून ऐकत होती आणि एकदोनदा तिने ‘गूळ न्हाई, काकवी’ अशी दुरुस्तीही केली. सुवार्ताने काही सोडलं नाही. पूर्वी जशी द्यायची तशी, वळणं घेत घेत, तिने आईची पुरी ओव्हर दिली. शेवटी तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ती थांबली. अंगातलं सगळं बळ कुणीतरी ओतून घेतलंय असं तिला वाटलं.

“झालं?” मेट्रनबाईंनी विचारलं. “नातेवाईक?”

प्रत्येक ओव्हरमधला तो शेवटचा प्रश्न होता. सुवार्ता आईकडे बघत होती. प्रश्न कानावर आला आणि जिभेने सवयीने उत्तर दिलं.

“मुलगी आहे सोबत. जैसे थे.”

“ठीक आहे,” प्रतिभा म्हणाली, आणि त्या दोघी बारा नंबरकडे गेल्या.

उरलेले बेड आटोपले आणि सुवार्ताची ड्यूटी संपली. ती टोपी काढून स्टूलवर बसली आणि तिने आईचा हात धरला. थोड्या वेळाने प्रतिभा ट्रे घेऊन आली, तिने इंजेक्शन दिलं आणि आईच्या डोक्यावरून एकदा हात फिरवून गेली. आईच्या कपाळावरच्या आठ्या एक एक करून सैल झाल्या.

“थांबलं का गं दुखायचं?” सुवार्ताने विचारलं.

आईने डोळे मिटले. “थांबलं,” ती म्हणाली.

दिवेलागणीच्या आधी करुणाबाई गेल्या. प्रतिभाने सगळं केलं, वॉर्डातल्या तानूबाई मावशींनी मदत केली. सुवार्ता तेव्हा रडली, भरपूर रडली, प्रतिभाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आईला घेऊन गेले. मावशींनी चादर बदलली. रात्रपाळीची सिस्टर आली आणि प्रतिभाने ओव्हर द्यायला सुरुवात केली. अकरा नंबरला बदल होता, तो तिने सांगितला. बेड रिकामा, म्हणून नातेवाइकाबद्दल तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, त्यामुळे नातेवाइकाचा बदल ओव्हरमध्ये आलाच नाही.

ओव्हर संपली आणि सुवार्ता पुन्हा अकरा नंबरच्या स्टूलवर बसलेली दिसली. टोपी मांडीवर होती. डोळे कोरडे होते. तिचा हात रिकाम्या गादीवर आईचा हात शोधत होता.

प्रतिभा दारात थबकली. तिला दुपारचे ते दोन शब्द आठवले.

“काय करायचं आता?” रात्रपाळीची सिस्टर कुजबुजली. “बदल सांगितला की ती सुटेल. सांगू?”

“सांगितलास तर तिला कळेल,” प्रतिभा म्हणाली. “आत्ता एकदा कळलंय तिला. पुन्हा पहिल्यापासून कळेल.”

“मग आज ना उद्या कळायला हवंच ना?”

“हवंच,” प्रतिभा म्हणाली, पण तिने काही सांगितलं नाही.

गादीवरचा हात आता घाबरल्यासारखा इकडे तिकडे फिरायला लागला होता. तानूबाई मावशींनी हातातला बोळा बादलीत टाकला, पदराला हात पुसले, आणि त्या अकरा नंबरच्या बेडवर जाऊन आडव्या झाल्या. त्यांनी आपला हात सुवार्ताच्या हातात दिला.

“थांबलं का गं दुखायचं?” सुवार्ताने विचारलं.

मावशींनी छताकडे पाहिलं. “थांबलं बाय,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून ती व्यवस्था चालू आहे. मेट्रनबाईंनी तिला हरकत घेतली नाही. ड्यूटीच्या तक्त्यात सुवार्ताच्या नावापुढे ‘सोबत’ असं लिहिलेलं असतं. प्रत्येक ओव्हरमध्ये जाणारी सिस्टर अकरा नंबरपाशी थांबते, पेशंटचं सांगते, आणि मग आवाज खाली आणून म्हणते, “स्टूल, जैसे थे.” उद्या सांगू असं सगळ्याच जणी म्हणतात. प्रतिभा तर रोज म्हणते.

अकरा नंबरला आता निरनिराळ्या बायका येतात. भरती करून घेतानाच मावशी त्यांना समजावून सांगतात, की बेड खिडकीजवळचा आहे, हवा चांगली येते, फक्त ओव्हर झाल्यावर शेजारच्या सिस्टरना हात द्यायचा आणि विचारतील त्याला एक शब्दाचं उत्तर द्यायचं. बहुतेक बायका तयार होतात. परवा वीटभट्टीवरची एक तरुण बाई आली, पोटात मुरडा घेऊन. तिला ते जरा भीतीचं वाटलं.

“मला अजून दुखतंय की वो,” ती मावशींना म्हणाली. “खोटं कसं बोलू?”

“बोल गं,” मावशी म्हणाल्या.

दोन वाजले, ओव्हर झाली. स्टूलवरच्या सिस्टरने टोपी मांडीवर ठेवली आणि हात पुढे केला. त्या बाईने आपला खरबरीत हात भीत भीत त्यात दिला. तो हात गरम होता. सुवार्ताने तो दोन्ही हातांत धरला आणि वाकून, अगदी हलक्या आवाजात विचारलं,

“थांबलं का गं दुखायचं?”

बाईने पोटातली कळ गिळली. “थांबलं,” ती म्हणाली.

सुवार्ताच्या जिवात जीव आला.